आधी फोटो उतरवा, मग ठेव न्या

लिहून ठेवते मी, नागुबाई साहेबराव गजभारे, वय अदमासे पंचाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार जयभीमनगर, नांदेड. शाळा दुसरीपर्यंत, नायगावला. डोकं ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून स्वतः ओवते, आणि मला कुणी भरीला घातलेलं नाही. उलट मुलानं आणि वकिलांनी नको म्हणून सांगितलं. वकिलांनी नमुना दिला होता, पण त्यात रागाला जागा नव्हती, म्हणून माझ्या हातानं लिहीत आहे. याआधी असा कागद केलेला नाही.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि पत्र्याचा ओटा, माझ्या पश्चात मुलगा सुगत आणि सूनबाई यांचं. दारातला कडुलिंब तोडायचा नाही. सुगतला तिथं मोटार लावायची हौस आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

२. पायाची शिलाई मशीन, मोठी कात्री आणि रिळांचा डबा शेजारच्या रुक्मिणबाईची लेक करिश्मा हिला. ती नर्स होणार, शिवणार नाही, हे मला माहीत आहे. तरी तिलाच. का, ते कळायला मशीनची हकिगत सांगावी लागते.

आमचे मालक धर्माबादला मिरचीच्या बाजारात हमाल होते. ते गेले तेव्हा सुगत लहान. त्र्याऐंशी साली मैत्री सेवा क्लबानं पाच विधवांना मशिनी वाटल्या. वाटल्या म्हणजे फोटो काढले. मशीन एकच आली होती, तिच्यापुढं आम्हा पाचजणींना पाळीपाळीनं बसवलं. माझ्यापुढं रजिस्टर आलं तेव्हा मी पेन मागितला. तेव्हाचे अध्यक्ष शेषेराव म्हणाले, "पेन कशाला? अंगठा लावा, बाई."

"सायेब, मला सही येती."

ते फोटोवाल्याकडं बघून हसले. "येत असंल हो. पण फोटोत अंगठाच चांगला दिसतो."

घरात पोरगं होतं, मशीन पाहिजे होती. लावला. मशीन दीड महिन्यानं आली, पाच हेलपाटे घातल्यावर. चांगली निघाली, खोटं बोलणार नाही. तिच्यावर सुगत शिकला, त्याची लेक शिकली. मशीनचे उपकार मानते, अंगठ्याचे मानत नाही. शेषेराव पुढं वारले. आमचं भांडण मिटलं नाही, माझ्याकडून चालू आहे.

३. आता नात, बुद्धप्रिया. सुगतची लेक. औषधांचं स्वतःचं दुकान आहे, बोलायला लागली की वकील गप्प बसतो. चार वर्षं त्याच क्लबाची सभासद होती, यंदा अध्यक्ष झाली. गजभाऱ्याची पोरगी! मी गल्लीत पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलत नाही त्यांनाही वाटले. शपथेच्या कार्यक्रमाला नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसले. तिच्या गळ्यात अध्यक्षाची माळ घातली, टाळ्या वाजल्या, आणि मी वर भिंतीकडं बघितलं. तिच्या डोक्याच्या बरोबर वर मी होते. काळीपांढरी, अंगठा शाईत, आणि खाली लिहिलेलं, "निरक्षर विधवेस शिलाई यंत्र."

बेचाळीस वर्षं मला तिथं टांगलं होतं. नातीनं कधी ओळखलं नाही. ओळखणार कशी, तेव्हाची तेहतीस वर्षांची बाई आणि आजची ही म्हातारी. तिचा दिवस होता, मी तो बिघडवला नाही. हातातला पेढा मात्र तसाच घरी आणला.

तेही गिळलं असतं. पण गेल्या महिन्यात करिश्माला क्लबाची शिष्यवृत्ती लागली. लातूरला नर्सिंग, फी आणि वसतिगृह दोन्ही. कार्यक्रमासाठी मी तिला मोरपंखी ड्रेस शिवला. ती तो घालून माझ्या दारात उभी होती आणि बुद्धप्रियाचा फोन आला. मला सगळं ऐकू येत होतं. "करिश्मा, शाळेचा जुना ड्रेस घालून ये गं. आईला कामाच्या साडीतच आण. फोटोत गरज दिसली पाहिजे."

करिश्मानं फोन ठेवला. "आजी, म्या न्हाई जात."

गेली नाही. क्लबानं शिष्यवृत्तीचं पत्र अडकवून ठेवलं. शेरा काय, तर "लाभार्थी गैरहजर." लातूरला प्रवेशाची मुदत या शुक्रवारी संपते.

परक्यानं केलं असतं तर एवढी चिडले नसते. माझ्याच नातीच्या तोंडून शेषेराव बोलला, ते मला सोसलं नाही.

४. म्हणून बँकेतली माझी ठेव माझ्या पश्चात मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी मैत्री सेवा क्लबाला. होय, त्यांनाच. माणसं धडपडी आहेत, कामं करतात, अक्कल तेवढी आणायची राहिली. पण आधी माझा फोटो उतरवायचा. पुढं कुठल्याही पोरीला स्टेजवर उभं करायचं नाही, फोटो काढायचा नाही, तिनं काय घालावं ते सांगायचं नाही. पत्र तिच्या घरी न्यायचं आणि पोच म्हणून सही घ्यायची. यातलं एक जरी मोडलं तर सगळी ठेव सुगतला जाईल, तो त्या पैशातून मोटार घेईल, आणि मला ते चालेल.

५. तो फोटो बुद्धप्रियाला. तिनं तो स्वतःच्या घरात दारासमोर लावावा. खालची अक्षरं कापून तिथं माझं नाव लिहावं. पाहुण्यांनी विचारलं तर सगळं सांगावं.

इथपर्यंतचा कागद मी तिला वाचायला दिला होता. वाचून खाली बसली.

"आजी, ती बाई तू हायस?"

"हाव."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"चार वर्षं तिच्याखाली बसून चहा पितीस. कोण हाय म्हणून एकदा तरी विचारलंस?"

ती रडली. मी पाणी दिलं, माफी दिली नाही. मग म्हणाली, "देणगीदार पुरावा मागतात गं."

"कॉलेजची पावती पाठव त्यांना. फी भरल्याचा पुरावा पावती असती, पोरीचं तोंड नसतं. अन् शुक्रवारच्या आत पत्र गेलं न्हाई तर ठेव मी जितेपणीच मोडते अन् करिश्माला देते. मग क्लबाला माझ्याकडून राखही मिळायची न्हाई."

काल ती रुक्मिणबाईकडं गेली. एकटी, कॅमेरा नाही. मी ओट्यावरून बघून राहिले होते. करिश्मानं तिला दारातच थांबवलं, पत्र शेवटपर्यंत वाचलं, आणि म्हणाली, "ताई, पेन द्या." सही केली. मगच आत बोलावलं. अंगात मोरपंखी ड्रेस होता.

वकील म्हणतात, आता मिटलं, चौथं कलम काढा. मिटलं ते माझ्या नातीचं. तिची माळ जूनमध्ये उतरते. पुढच्या अध्यक्षाची आजी कोण असेल, मला काय माहीत? कलम राहील.

६. हे सगळं अमलात आणायची जबाबदारी बुद्धप्रियाची. तिनं ती शिक्षा समजावी, आणि माझा जीव तिच्यावरच आहे हेही समजावं.

करिश्माला साक्षीदार करणार होते. वकील म्हणाले, जिला काही द्यायचं तिची साक्ष नको. म्हणून खालचे दोघे. त्यांच्यासमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी.

दस्त नोंदवायला गेलं की कचेरीत अंगठा घेतात म्हणे. तिथं वकिलाचाही घेतात आणि डॉक्टरचाही. सगळ्यांच्या बरोबरीनं माझाही देईन. इथं मात्र सहीच आहे.

साक्षीदार:
१. सरजाबाई किशनराव वाघमारे, जयभीमनगर
२. व्यंकट भुजंग पांचाळ, इस्त्रीवाले, जयभीमनगर

ठिकाण: नांदेड
तारीख: १६ सप्टेंबर २०२५

सही: नागुबाई साहेबराव गजभारे
(पेन माझा स्वतःचा)