ताटावरचा आडवा हात

आत्याबाई, तुमची सून आफ्रिकेत आलीय. इमानात बसून. तुम्ही म्हणाला असता, "तुळजापूरला चल म्हटलं की कंबर धरतीस, आन् आता बरी उडालीस!" गावातल्या आम्ही तिघी आलोय, शाळाशाळांत जाऊन ज्वारीची भाकरी करायला शिकवायची. पगार न्हाय, हौसेचं काम. ज्वारी इथंबी पिकते, तांबडी, पण हे लोक तिचा घट्ट घाटा करून खातात. निघताना नातू म्हणाला, "आज्जे, आठ दिसांत परत येशील." म्हणून तर टिकून राहायचंच ठरवून आले.

पहिल्या दिवशी शाळेच्या सैपाकघरात शिरले आन् जीव थाऱ्यावर आला. तीन दगडांची चूल, धूर, डोळ्यांना पाणी, सगळं आपल्यासारखंच. भाकरी टम्म फुगली की खिडकीतली पोरं ओरडायची. मग पंगत बसली, मी टोपलं घेऊन वाढायला निघाले. एका बारक्या पोरीनं ताटावर हात आडवा धरला. मी तो बाजूला सारून भाकरी टाकली. पुन्हा धरला, पुन्हा टाकली. नको म्हणणाऱ्याला तसंच सोडून पुढं जायचं, ही काय रीत झाली? पोरगी मुकाट खात राहिली, आन् खाता खाता रडायला लागली.

आमच्याबरोबर धाराशिवची एक शिकलेली पोरगी आहे, तिला इथली भाषा येते. ती पळत आली. "आजी, ताटात पडलं ते संपवायचंच, असा या शाळेचा नियम आहे. ती नको म्हणत होती."

"अगं, नको तर सगळेच म्हणतात!"

"इथं नको म्हणजे नको, आजी."

दुसऱ्या दिवशी मला बघितलं की ती पोरगी ताट उचलून मागं सरकायची. तिचं बघून सगळी रांग सरकली. भाकरी टोपल्यात वाळून गेली. वाटलं, नातू खरा ठरतोय, आपलं गाठोडं बांधावं.

त्या संध्याकाळी तुम्ही आठवलात. मी नवी नवरी, सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी जेवायला बसलेली. तुम्ही विचारायच्या, "वाढू का?" मी न्हाय म्हणायची. "गप बस. न्हाय म्हणायला आईनं शिकवलंय, मला ठाऊक न्हाय व्हय?" म्हणत भाकरी ताटात आदळायच्या. माया कसली, आदळआपटच ती. पण तुमच्या घरात मी अर्धपोटी कधी उठले न्हाय.

काल मी टोपलं त्या पोरीच्या हातात दिलं आन् पंगतीत तिच्या जागेवर फतकल मारून बसले. धाराशिवच्या पोरीला म्हटलं, "तिला म्हणावं, आज तू वाढ." बारकीनं डोळे मोठे केले. एक भाकरी वाढली, वर घेवड्याची उसळ. मी खाल्ली. ती फिरून आली तसा सवयीनं माझा हात ताटावर गेला. आन् कारटी सरळ पुढं निघून गेली! मागं वळूनसुद्धा बघितलं न्हाय. पोटात भूक तशीच. सगळी पोरं जेवतायत आन् मी रिकाम्या ताटाकडं बघत बसलेली. शेवटी हाकच मारली, "ए बाय, हिकडं ये. वाढ अजून एक."

तिनं वाढली, कायतरी बोलली. पोरं खिदळली. धाराशिवची पोरगी म्हणाली, "ती म्हणतेय, आजीला आता बोलता यायला लागलं." मग पोरगी माझ्याच शेजारी टेकली आन् टोपल्यातली एक भाकरी तिनं आपल्या हातानं घेतली.

आत्याबाई, उभा जन्म गेला, पण तोंडानं मागून भाकरी खाल्ली ती काल पहिल्यांदा. लाज वाटेल असं वाटलं होतं. न्हाय वाटली. तुम्ही असता, तर हे तुम्हाला कळवायची माझी छाती झाली नसती.