विलामला शेजारची गादी आवडते

तीर्थस्वरूप बोल्दिझारदादा यांस वेंडेलचा टोपी काढून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? वहिनींचा खोकला काय म्हणतो? (हे एतेल्काने विचारायला सांगितलंय. माझ्या डोक्यात सध्या एकच विषय आहे, राग मानू नका.)

दादा, तुम्ही मोठ्या मनाने दिलेल्या त्या विलामने माझी पार शोभा केली. पिल्लू माझ्या हातात ठेवताना तुम्हीच म्हणालात ना, मग्यार अगार म्हणजे शिकारी कुत्र्यांची एकनिष्ठ जात, परक्याला हुंगणारसुद्धा नाही? मग शेजारचा अम्ब्रुश त्याचा कोण लागतो? तुम्ही सांगितलंत ते सगळं मी पाळलं. जेवण झाल्यावर पळवायचं नाही, पोटाला पीळ पडतो, म्हणून त्याचं जेवण झालं की मी दारात आडवा. अंगावर चरबी नाही, हाडं टोचतात, म्हणून वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट त्याच्याखाली अंथरला (थंडीत मी कुडकुडलो तरी चालेल). कातडी पातळ, लगेच फाटते, म्हणून कुंपणाची काटेरी तार मी माझ्या हातांनी उपटली आणि माझीच कातडी फाडून घेतली. आवाज चढवायचा नाही, अगार मनाला लावून घेतो. तेव्हा हल्ली मी फक्त एतेल्कावर ओरडतो, आणि तेही अंगणात जाऊन. तिने मात्र तुमचं एवढंच वाक्य नेमकं लक्षात ठेवलं की हिवाळ्यात याचे केस दाट होतात, हा बाहेरही राहू शकतो. म्हणून आमच्या पलंगावर त्याला बंदी.

अम्ब्रुश काय करतो? काही नाही! तो बिनबायकोचा गडी, त्याला अडवणारं कोण? उपटलेल्या तारेच्या जागेतून विलाम सकाळी तिकडे जातो आणि त्याच्या गादीवर, उशीला नाक लावून, दुपारपर्यंत झोपतो. (विजेचं नाव दिलेला प्राणी एवढा झोपतो हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.) परवा माळावर ससा उठला. मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. विलामचा कान हलेल तर शपथ. मागून अम्ब्रुशने एक शिट्टी घातली आणि हा पठ्ठ्या भर धावेत वळून त्याच्या पायाशी! मी जळलो, दादा. सरळ सांगतो, जळून खाक झालो. एतेल्काकडे कोणी डोळा वर करून पाहिलं असतं तरी इतका जळलो नसतो. (हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नका. त्यांचं आणि एतेल्काचं फार जमतं.)

तशात आमचा डुक्कर कापण्याचा दिवस आला. दिवस मावळला की आळीत घरोघरी ताज्या मांसाचं, चवीचं ताट जातं. एखादं घर वगळलं तर ते उघड वैर, हे तुम्हाला काय सांगायचं! मी अम्ब्रुशचं घर वगळलं. एतेल्का कडाडली, "अहो, सगळ्यांकडे ताट गेलं आणि भिंतीला भिंत लागून असलेल्याकडे नाही? लोक तोंडात शेण घालतील!" मी म्हटलं, "घालू देत. कुत्रा नेलान, आता ताटही मीच वाढू?" आमचं हे चाललेलं असताना विलामने टेबलावरची सॉसेजची सगळ्यात लठ्ठ माळ उचलली (त्याला उडीसुद्धा मारावी लागत नाही, मान लांबवली की झालं) आणि कुंपणापलीकडे पसार. मी मागे धावलो. पोचतो तो काय, माळ अम्ब्रुशच्या उंबऱ्यावर, दाताचा ओरखडासुद्धा नाही, आणि तो म्हातारा डोळे पुसतोय! "वेंडेल, मला वाटलं यंदा तू मला विसरलास. आणि तू तर विलामच्या हाती पाठवलंस!" फाटकाशी आळीतल्या बाया जमलेल्या. मी म्हटलं, "अरे, शेजारधर्म आहे तो." त्याने मला मिठी मारली, जर्दाळूची कडक दारू, पालिंका, पाजली. गावभर माझी वाहवा झाली. विलामने मात्र त्याच्या मांडीवर डोकं टेकलं ते टेकलंच. मी घरी एकटा आलो.

सर्वांना यथायोग्य सांगावे.

तुमचा पोळलेला,
वेंडेल

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या कुत्रीला वसंतात पिल्लं होणार असं कळलं. त्यातलं एक अम्ब्रुशला द्याच. जरा गळेपडू बघून द्या. त्याला स्वतःचं मिळालं की माझं मला परत येईल.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात अम्ब्रुश आला. पिल्लासाठी त्याने तुम्हाला आधीच निरोप धाडलाय म्हणे! मी आनंदाने उठून त्याच्या गळ्यातच पडणार होतो. तर म्हणतो, "मला कशाला रे? माझ्याकडे विलाम आहे की. तुझ्यासाठी सांगितलंय. बिचारा, अगदीच एकटा पडलास." दादा, पिल्लू द्या. पण आणताना मागच्या शेतातून या, त्याच्या दारावरून येऊ नका.