सुतळीच्या आतला केर

अहो,

दर सोमवारी तुम्ही वहीत लिहायचात. आज सोमवार, आणि वही माझ्यापुढे आहे. तिच्यात लिहिण्याआधी तुम्हाला सांगायला हवं, म्हणून हे पत्र. रागवा हवं तर.

बेंगळुरूबाहेरच्या या राखीव रानात राहायला आलो, तेव्हा क्वार्टरसमोरच तुम्ही चिकपेटेच्या बाजारातली सुतळी ताणून एक तुकडा वेगळा काढलात. कशाला? तर तिथं काही लावायचं नाही, काही काढायचं नाही, आपोआप काय उगवतं ते फक्त बघायचं आणि सोमवारी वहीत नोंदवायचं. शाळेची मुलं आली की त्यांना सुतळीशी थांबवून हेच सांगायचात. आणि मी दारातून ओरडायची, "दारासमोर हा केर! बेळगावची माणसं आली तर काय म्हणतील?"

"सुमे, स्वल्प थांब गं," एवढंच तुमचं उत्तर. वर्षानुवर्षं तेच!

बारावा झाल्यावर इथंच तुमची शोकसभा ठरली. एसटीडी फोन करून बेळगावला भावांना कळवलं. संशोधन करणारी मुलं येणार, शाळेच्या बाई येणार, आणि तुमच्या फोटोमागे तो पाचोळा दिसणार? मला राहवलं नाही. पदर खोचला, सुतळी सोडली. तण उपटलं, लख्ख झाडलं, सगळं पेटवलं. तुमच्यासाठीच केलं हो!

आपला राखणदार मुनियप्पा हार घेऊन आला आणि तो तसाच हातात धरून राखेशी थांबला. "अम्मा, ती गंधाची, चंदनाची रोपं होती. पाखरांनी पेरलेली. चोरांच्या भीतीनं साहेबांनी कुणाला सांगितलं नव्हतं."

कुणाला नाही, पण मला बोलावलं होतंत. गेल्या पावसात. "सुमे, ये, एक गंमत दाखवतो." कुकर लावलाय म्हणाले मी. चार पावलं होती! आले असते तर ओळखली असती. आणि तुम्ही तरी? पुन्हा एकदा हाक मारायची नाही? इतकं कसलं ते गप्प बसणं!

सभेत जो तो त्या तुकड्याबद्दलच बोलला. मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, दुःखानं.

आता वहीत लिहिते: 'आतलं सगळं उपटलं, जाळलं. मी, सुमनने.' तण समजून केलं, असलं काही लिहिणार नाही. सुतळी पुन्हा बांधलीय. यापुढे दर सोमवारी मी लिहीन, आणि केरसुणी त्या बाजूला नेणार नाही. शब्द देते.

सकाळी आत पहिलं पान पडलं. हात शिवशिवले हो माझे.

उचललं नाही.

तुमची,
सुमी