ध्रुवनं दार उघडलं

३ नोव्हेंबर
रॅम्प झाला! अपघातानंतर आज पहिल्यांदाच ध्रुव कुणी न उचलता घराबाहेर गेला. बॅटरीची खुर्ची फाटकापर्यंत नेली, परत आणली, पुन्हा नेली. मी मागून धरलं तर माझ्यावरच ओरडला — "ताई, सोड ना!"

५ नोव्हेंबर
बोलल्यावर चालणारा डबा बसवला. त्यावर बत्ती, पंखा, पडदे, दाराचं कुलूपसुद्धा. पण मानेच्या दुखापतीनं ध्रुवचा आवाज दबका झालाय, डब्याला ऐकूच येईना. मी जोरात "बत्ती जलाओ" म्हटलं — लागली. फिटिंगवाला म्हणाला, "दीदी, आप चुप रहिए. भैया को बोलने दीजिए."
राग आला. गप्प बसले.

८ नोव्हेंबर
डबा उशाशी सरकवला. जमलं! सकाळी मी उठायच्या आत त्यानं पडदे उघडले होते.

९ नोव्हेंबर
दिवसभरात ध्रुवनं मला एकच हाक मारली.

१६ नोव्हेंबर
शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मुरारला, मैत्रीण सीमंतिनीच्या लेकीचं केळवण. मदतनीस उमाजी सकाळचं उरकून गेला, तसं ध्रुवनंच जा म्हणून पाठवलं. जेवता जेवता फोन केला — उचलला नाही. पुन्हा केला — नाहीच. ताट टाकून ऑटोनं निघाले. वाटेत काय काय आलं मनात!
येऊन बघते तर त्याचा शाळेतला मित्र उत्कर्ष चिवडा खात बसलेला, दोघं हसताहेत. दार ध्रुवनंच उघडलं होतं. फोन चार्जिंगला.
मी उत्कर्षसमोरच भडकले. ध्रुवचं हसू गेलं. उत्कर्ष निघून गेल्यावर ध्रुव म्हणाला, "हे सगळं तूच करवून घेतलंस ना? मग आता का घाबरतेस?"
धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

१७ नोव्हेंबर
त्याच्या कालच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे — त्याला माझी गरज नसेल, तर मी करू काय? त्याला सांगायचं नाही.

२० नोव्हेंबर
सांगून टाकलं. शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "आंघोळीला, उठवायला उमाजी येतोच. आता रात्रीही राहीन म्हणतोय. तू स्वतःसाठी घर बघ, ताई. घालवत नाहीये मी तुला."
मी खोलीत निघून गेले.

६ डिसेंबर
जयेंद्रगंजात माझ्यासाठी दोन खोल्या पाहिल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, लिफ्ट नाही. पण खिडकीतून खालचा बाजार दिसतो; आवडल्या.
"म्हणजे मला तिथं येताच येणार नाही," ध्रुव म्हणाला.
"नाही."
त्यानं खुर्ची फाटकापर्यंत नेली, परत आणली. मग म्हणाला, "घे."
घेतल्या.