डावा मलमाचा, उजवा मधाचा

१९ मार्च, धानोरा
मोहाची फुलं पडायला लागली. आईने नेहमीप्रमाणे झाडाखालचा पाला जाळला आणि राख विझली समजून अनवाणीच फुलं वेचत बसली. घरी आली तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड. "जळलं? मले तं काईच नाई वाटलं." शुगर कधीची आहे, पण पायांना निखारा कळत नाही हे आज कळलं. घाबरले.

२० मार्च
उपकेंद्रात नेलं. सिस्टरनी भाजल्यावरचं पांढरं मलम दिलं. आईला जंगलातला मधच हवा. "तुया बाबाले कुऱ्हाड लागली, तवा काय लावलं होतं?" सिस्टर म्हणाल्या, मधाची पट्टी असते, पण ती दवाखान्यातली, शुद्ध केलेली, डब्यातला मध नको. आई ऐकते थोडीच! शेवटी तह: डावा पाय मलमाचा, उजवा मधाचा. मी शाळेत मुलांना शिस्त लावते म्हणे.

२५ मार्च
उजवा लालबुंद, स्वच्छ. डावा पांढरा, ओलसर. आई जिंकल्यासारखी हसते. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. आज सिस्टरना दाखवायला नेलं नाही.

२९ मार्च
सकाळी उजव्या पट्टीवर मुंग्यांची रांग. आत शिरलेल्या. आई चहा पीत बसलेली.
"आई, मुंग्या!"
"कुठी?"
पाय तिचाच होता. झटकताना मला रडू आवरेना. "काऊन रडतं वो? दुखत नाई ना मले."
म्हणूनच तर.

१ एप्रिल
उजव्याला वास. कड काळी. सिस्टर रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. लगेच गडचिरोलीला न्या म्हणाल्या. डावा भरतोय, पण तो मुळात कमी भाजला होता. मलम जिंकलं म्हणू की काय, देव जाणे. या स्पर्धेत आपण पडायलाच नको होतं.

२ एप्रिल, गडचिरोली
दवाखान्यात भरती. इंजेक्शनं चालू, पाय टेकवायचा नाही. डॉक्टर व्हरांड्यात मला म्हणाले, उद्या पट्टी सोडून ठरवू, पाऊल ठेवायचं की कापून काढायचं. पायात संवेदना किती उरली, दुखतं का, त्यावरही ठरेल. दार उघडंच होतं. आत गेले तर आई म्हणाली, "मोह पडून वाया जात असन."

३ एप्रिल
पट्टी सोडली. डॉक्टरांनी विचारलं, दुखतं का?
"हो जी. लय दुखते," आई म्हणाली.
त्यांनी अजून हात लावला नव्हता.