भिंतींचा गृहप्रवेश

चि. तृप्तीस,

कुंभार पिंपळगावहून मामाचे (नावानं काकासाहेब, नात्यानं मामा) पोटभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? पुण्यात वेळेवर जेवतेस, की नकाशावरच डबा उघडतेस? इकडे आम्ही ठीक. मामीचा गुडघा ऑपरेशननंतर बरा झाला असं डॉक्टर म्हणतात. गुडघ्याचं स्वतःचं मत अजून कळलेलं नाही. खुर्ची आणि खाट, एवढाच सध्या तिचा मुलूख.

पत्रास कारण की, तू आखलेल्या आमच्या नव्या घराच्या दोन भिंतींची अदलाबदल झाली म्हणून साहेबांनी तुझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय, असं तुझ्या आईकडून कळलं. ते दुरुस्त करायला सोमवारी पुन्हा क्रेन येणार, हेही कळलं. पोरीच्या नोकरीवर आमच्यामुळे बालंट यायला नको, म्हणून घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

कारखान्यात ओतलेल्या तुझ्या चौदा भिंती ट्रेलरवरून उतरल्या तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. (घर ट्रकमधून येतं यावर उरलेल्या निम्म्याचा विश्वास नव्हता.) अप्पाराव गवंडी ओळंबा घेऊन आला. सगळा जन्म घरं बांधण्यात गेलेला माणूस. त्याला न विचारता गावात घर उभं राहतंय याचा राग मोठा. प्रत्येक भिंतीला ओळंबा लावून पाहिला, एकही वाकडी निघाली नाही, तेव्हा चहा न घेता घरी गेला. मला वाईट वाटलं गं. एखादी भिंत त्याच्यापुरती जराशी तिरकी ओतली असती तर काय बिघडलं असतं?

मग मामीनं खुर्चीतून हुकूम सोडला. "सून काय अन् भिंत काय, धुळीच्या अंगानं घरात येऊ देत न्हाई मी!" शेजारच्या उषाबाईनं बादली घेतली, चौदाही भिंती चोळून धुतल्या, आणि प्रत्येकीच्या कपाळावर हळदी-कुंकू लावलं. भिंतीचं कपाळ कुठं असतं हे मला ठाऊक नव्हतं, पण बायकांना बरोबर ठाऊक होतं. कारखान्यानं खडूनं तुझे नंबर लिहिले होते, नेमकं तिथंच. नारळ फोडायला चौकट हवी, तर चौकट भिंतीसकट हवेत लटकलेली. क्रेनवाल्या शिवाजीनं बिचाऱ्यानं ती खाली आणून धरली, तेव्हा कुठे नारळ फुटला. त्यानंतर त्यानं नंबर शोधायला घेतले.

"आवं मामा, नंबर कुठं गेले? सगळ्या भिंती लगीन लागल्यावानी दिसून राह्यल्या!"

बारा भिंती नळाच्या भोकांवरून आणि दारांवरून ओळखू आल्या. राहिल्या दोन, एकाच मापाच्या. एकीला मोठी खिडकी, दुसरीला वर छताजवळ झरोका. शिवाजीच्या मोबाइलची बॅटरी संपलेली, नकाशाचा कागद माझ्या खिशात. त्यानं घरमालकाला, म्हणजे मलाच, विचारलं. घरमालकाला नकाशातलं काय कळतं? घरमालकानं बोट दाखवलं, तिथं भिंत लागली. आता बैठकीला झरोका आहे आणि झोपायच्या खोलीला मोठी खिडकी. बैठकीत भर दुपारी दिवा लावावा लागतो. परवा कल्याण भावजी पाहुणे आले, ते कितीतरी वेळ धान्याच्या पोत्याला रामराम करत होते.

तर खुलासा असा, की चूक तुझी नाही, हळदीची आहे. साहेबांना नमस्कार सांग. तुझ्या आईला, बाबांना आठवण सांग.

तुझा,
मामा

ता. क. १ : सोमवारी क्रेन पाठवू नकोस. काहीही सांग, पण पाठवू नकोस.

ता. क. २ : घरमालकाला नकाशातलं सगळं कळत होतं. बागेतली मोसंबी बसल्या जागी दिसावीत म्हणून माझ्या बैठकीला तू मोठी खिडकी दिलीस, आणि रस्त्याची धूळ आत येऊ नये म्हणून खोलीला झरोका. तू प्रेमानंच केलंस. पण तुझ्या मामीनं चाळीस वर्षं ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला "कुठं निघाला?" विचारलंय. ऑपरेशनपासून ती छताकडे बघत पडायची. मला ते बघवत नव्हतं. नंबर पुसले गेले तेव्हा वाटलं, देवानंच संधी दिली. आता खाटेवरून सगळा रस्ता तिच्या ताब्यात आहे, आणि धूळ खाऊन ती दोन घास जास्त जेवते. मोसंबी काय, मी बागेत जाऊन बघीन.

ता. क. ३ : चूक माझी, असं वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे, तो साहेबांना दे. हे पत्र मात्र फाडून टाक. आपल्या हळदीमुळंच भिंतीनं जागा निवडली असं मामी गावभर सांगतेय, तिचा मान राहू दे. (फोनवर हे बोलता आलं नसतं, आमच्या घरी फोन चौघांत वाजतो.) आणि वास्तुशांतीला येशील तेव्हा मागच्या वाटेनं येऊ नकोस, रस्त्यानं ये. मामी खिडकीशी आहे. तू वळणावर दिसलीस की तिथूनच हाक मारील.