निष्कर्ष झाकून

७ जून

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीच्या पोटातल्या गाठीवर नवं औषध निघालंय. त्यावरचा शोधनिबंध सोबत जोडलाय. गाठ चांगलीच आकसते, असं शेवटी ठळक छापलंय. बाकी मला ओ की ठो कळत नाही. तू नर्सिंग सांभाळून दर शनिवारी असल्या निबंधांची चिरफाड करतेस, म्हणून पाठवतोय. औषधासाठी दूरच्या इस्पितळात मुक्काम हलवावा लागेल. वहिनी म्हणते, छोटी सांगेल ते करू. तेव्हा लवकर हो कळव.

वाट पाहणारा,
दादा

१६ जून

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार.

आमच्या वाचनगटाची शिस्त अशी, की निष्कर्षावर पुठ्ठा ठेवायचा आणि आधी तक्ते वाचायचे. नियम मोडणाऱ्याचा कान मीच धरते. या वेळी मात्र मीच आधी शेवट वाचला आणि आनंदाने रडले.

मग तक्ते पाहिले. गाठ आकसली, हे खरं. पण औषध घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. त्रास सोसवेना म्हणून ज्यांनी मध्येच सोडलं, त्यांना तर हिशेबातही धरलेलं नाही. माझंच चुकत असेल म्हणून पुन्हा पुन्हा वाचलं, गटाच्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं. चूक सापडली नाही.

दादा, मला हो लिहिता येत नाही. फार वाईट वाटतंय.

माया पातळ करू नकोस.
तुझी छोटी

२ ऑक्टोबर

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुझं पत्र मी वहिनीला गाठ आकसली इथपर्यंतच वाचून दाखवलं होतं. तिने हात पुढे करून कागद घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. एकदाची नणंद कामाला आली म्हणून हसलीसुद्धा. मी मात्र तुझ्यावर भयंकर रागावलो होतो. मला हो हवं होतं.

आम्ही घरीच राहिलो. बरं वाटेल तेव्हा ती खिडकीशी बसून माझ्या शर्टांची बटणं दुहेरी दोऱ्याने पक्की करायची. माझ्यानंतर यांना सुईत दोराही ओवता यायचा नाही, असं शेजारणीला सांगायची.

वहिनी गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने मला एकच सांगितलं. तू हो लिहिलं असतंस, तर ती गेली असती त्या इस्पितळात. जगायला नव्हे, माझं मन राखायला.

रजा मिळाली की ये. घर खायला उठतं.

तुझा,
दादा